नाकावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी का? आधीच्या कॉस्मेटिक उपचारांनंतरचे त्रास

अबोली_क

माझ्या नाकावर आधी ऱ्हायनोप्लास्टी (नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे, त्यानंतर फिलर (खड्डे भरायला त्वचेखाली टोचतात ते द्रव्य) भरून झालं आहे, आणि आता पुन्हा शस्त्रक्रिया करायची की नाही या प्रश्नावर मी अडकले आहे. जे यातून गेलेत किंवा ज्यांचा कामानिमित्त या विषयाशी संबंध आहे त्यांच्याशी बोलायचंय, म्हणून हा धागा.

नाकाच्या दांड्यावर उंचवटा होता, तो कमी करायला पहिली शस्त्रक्रिया झाली. सूज उतरत गेली तशा दांड्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट सावल्या दिसायला लागल्या. समोरून पाहिलं तर इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखा आकार. तो झाकायला फिलर भरलं. सुरुवातीला छान दिसलं. पुढे त्या जागी नाक जाडसर वाटायला लागलं, मधूनच लालसर होतं. शेंडा वर ओढला गेलाय. उजव्या नाकपुडीची कड डावीपेक्षा वर सरकली आहे, हसले की जास्तच.

हे सगळं एकवेळ सहन होतं. श्वासाचं होत नाही. जोरात श्वास घेतला की उजवी बाजू आत ओढली जाते आणि बंद होते. जिना चढताना तोंड उघडावं लागतं. रात्री घसा कोरडा पडून जाग येते. गालावर बोट ठेवून कातडी बाहेर ओढली की लगेच मोकळं वाटतं.

एका सर्जनचं म्हणणं, बरगडीची कूर्चा घेऊन सगळं नव्याने उभारावं लागेल. दुसरे म्हणाले, कानातली थोडी पुरेल. आणखी एका ठिकाणी सांगितलं, आत्ता काहीच करू नका. सगळेच ठामपणे बोलतात. त्यांना नेमकं काय विचारलं म्हणजे मला यातलं काही ठरवता येईल, तेच सुचत नाहीये. घरच्यांचं एकच, "आता पुरे कर."

दवबिंदू७

अबोली, वाचून वाईट वाटलं. माझ्या ओळखीतल्या एकीने अशाच खड्ड्यांसाठी जुनं फिलर विरघळवून नवीन भरून घेतलं, शेंड्याला आकार द्यायला त्वचेखाली दोरे घातले. भूल नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी. मोठ्या ऑपरेशनच्या आधी हा मार्ग पाहून घ्यायला काय हरकत आहे?

पाऊलवाट

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, नाक चोंदण्याच्या तक्रारी रोज पाहते. न तपासता निदान सांगणार नाही. पण अबोली, तुम्ही लिहिलेलं चित्र आमच्या ओळखीचं आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी दवबिंदूंच्या सल्ल्याबद्दल. तुम्ही चांगल्या मनाने सुचवलंत, पण कृपा करून ऑपरेशन झालेल्या नाकात पुन्हा फिलर सुचवू नका. नाकाच्या त्वचेला रक्त पोचवणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्या आधीच्या शस्त्रक्रियेत कापल्या गेलेल्या असतात. उरलेल्या आतल्या व्रणात घट्ट धरल्या जातात, सुई जवळ आली तर बाजूला सरकत नाहीत. दांड्यावरच्या रक्तवाहिन्यांचा डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिनीशी संबंध असतो. फिलर त्यात शिरलं तर त्वचेचा तुकडा मरू शकतो, आणि क्वचित, पण कायमची, दृष्टी जाऊ शकते. भुवयांच्या मधली जागा आणि नाक, या दोन्ही जागा या बाबतीत चेहऱ्यावरच्या सर्वांत धोकादायक मानल्या जातात. कुणालाही फिलरनंतर अचानक तीव्र वेदना झाल्या, त्वचा पांढरीफटक पडली किंवा जाळीदार जांभळी झाली, नजर अंधूक झाली तर सकाळची वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठा. दोऱ्यांचंही तसंच. आधीच आकसलेल्या शेंड्यात ते आणखी व्रण तयार करतात, कधी संसर्ग होतो, कधी टोक त्वचेतून बाहेर येतं.

अबोली, तुमच्या नाकात कुठलं फिलर आहे हे नावानिशी शोधा. हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर हायल्युरॉनिडेज हे एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट किंवा पीएमएमए अशा दुसऱ्या घटकाचं असेल तर ते एन्झाइम त्यावर चालत नाही. "ते केव्हाच विरघळलं असेल" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. छापील मुदतीपेक्षा कितीतरी जास्त काळ फिलर आत राहिलेलं एमआरआयमध्ये दिसलेलं आहे. उच्च वारंवारितेच्या अल्ट्रासाउंडमध्ये ते नाकात कुठे आणि किती आहे याचा बराच अंदाज येतो. मधमाशी चावून कधी जोराची ॲलर्जी आली असेल तर एन्झाइम टोचण्याआधी नक्की सांगा, कारण मधमाशीच्या विषात त्याच जातीचं एन्झाइम असतं. आणि मधूनमधून येणारी लाली दुर्लक्षून कुणी थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर थांबा. ती फिलरभोवतीच्या मंद संसर्गाची असू शकते. संसर्ग असलेल्या जागी नवी कूर्चा बसवली तर ती विरघळून जाण्याची भीती असते.

आता श्वास. नाकात हवेला सर्वांत अरुंद जागा आतल्या झडपेपाशी असते. मधला पडदा आणि वरची बाजूची कूर्चा यांच्यात तिथे साधारण १० ते १५ अंशांचाच कोन असतो. दांड्यावरचा उंचवटा कापताना या बाजूच्या कूर्चा पडद्यापासून सुटतात. त्या नीट परत जोडल्या नाहीत तर तंबूचा आढा काढल्यावर कापड आत यावं तशा त्या आत झुकतात. बाहेरून तुम्हाला दिसतो तो उलटा व्ही, आतून कोंडतो तो श्वास. दोन्हींचं कारण एकच. म्हणजे तुमच्या बाबतीत दिसणं आणि श्वास या दोन वेगळ्या तक्रारी नसाव्यात. फिलरने बाहेरचा खड्डा भरला, आतली भिंत होती तिथेच राहिली.

नाकपुडी वर सरकणं आणि श्वास घेताना आत ओढली जाणं ही जरा खालची गोष्ट. शेंड्याच्या कूर्चा गरजेपेक्षा जास्त काढल्या गेल्या की व्रण आकसताना मऊ कडेला वर खेचतो. तिथे टेकू राहिलेला नसतो.

तुम्ही गाल ओढून पाहता त्याला कॉटल चाचणी म्हणतात. ती फार ढोबळ आहे, पडदा वाकडा असला तरी बरं वाटू शकतं. दवाखान्यात बारीक सळईने आतून एकेक कूर्चा उचलून धरतात आणि तुम्हाला श्वास घ्यायला सांगतात, त्यातून नेमकी जागा कळते. शिवाय दुर्बिणीने आत पाहायला हवं. पडद्याला भोक आहे का, पडदा आणि बाजूची भिंत व्रणाने चिकटलीय का, हे बाहेरून कळत नाही. खपल्या धरणं, शिट्टीसारखा आवाज येणं, वारंवार घोळणा फुटणं, यातलं काही होतं का तेही लिहा.

तुमच्यासारख्या उंचवटा कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत पहिल्या वेळी सर्जन काहीतरी काढतो. पुढच्या वेळी, काढलेलं परत घालायचं असतं, तेही व्रणातून वाट काढत, कमी झालेल्या सामानात आणि आकसलेल्या त्वचेखाली. त्यामुळे प्रत्येक सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या नाकात आत्ता काय कमी आहे, आणि ते तुम्ही कुठून आणणार? ज्यांचं उत्तर तपासणीतून आलेलं असेल, त्यांच्या ठामपणाला अर्थ आहे. नाकात न डोकावता कुणी "बरगडी" किंवा "कान" म्हणालं असेल तर ते उत्तर बाजूला ठेवा.

घाटमाथा

पाऊलवाट यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. एक भर घालतो. पहिल्या शस्त्रक्रियेची ऑपरेशन नोट मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी असतात, ती नाही. पडद्यातून किती कूर्चा काढली, हाडं कुठे फोडली, काय बसवलं, कुठल्या धाग्याने शिवलं, हे सविस्तर नोटमध्ये असतं. फिलरच्या डबीवरचा स्टिकर बहुतेक ठिकाणी फाइलला लावतात, त्याचीही प्रत मागा. आणि ऑपरेशनच्या आधीचे फोटो, सगळ्या बाजूंचे. आपली कागदपत्रं मागण्यात संकोच कसला.

निळीशाई

मी बरगडीची कूर्चा घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेतून गेले आहे. तुमच्यासारखाच उलटा व्ही, शिवाय दांडा बसलेला. ठरवायच्या आधी मला जे कुणी सांगितलं नव्हतं तेवढं लिहिते.

नाकापेक्षा छाती दुखते. खोकला, शिंक, हसू, कुशीवर वळणं, सगळं जाणवतं. स्तनाखालच्या घडीत छोटा छेद होता, त्याची खूण आता शोधावी लागते, पण सुरुवातीचे दिवस उठताबसताना हात धरायला माणूस लागला. फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडण्याचा धोका असतो. तो तपासायला ऑपरेशन चालू असतानाच जखमेत सलाइन भरतात, भूलतज्ज्ञ फुप्फुस फुगवतात आणि बुडबुडे येतात का पाहतात. मी हे आधी विचारलं होतं आणि माझ्या सर्जननी न चिडता समजावून सांगितलं. असे प्रश्न विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, शेंडा कडक होतो. अगदी लाकडासारखा नाही, पण बोटाने आधी जसा हलायचा तसा हलत नाही. वरचा ओठ कित्येक महिने जड होता, हसू वेगळं दिसायचं. पुढच्या वरच्या दातांमागे बधिरपणा होता, तो हळूहळू गेला. मी घाबरून गेले होते, नंतर कळलं की पडद्यापाशी काम केल्यावर तिथल्या नसेमुळे हे होऊ शकतं.

तिसरं, नाक आधी मोठं दिसतं. कूर्चा घातलेली असते, वर सूज. नाकावरची आधाराची पट्टी (स्प्लिंट) आठवड्याभराने निघाली तेव्हा आरशातलं नाक पाहून रडू आलं. तुमच्या मनात बारीक, नाजूक नाकाचं चित्र असेल तर हे फार जड जाईल. मी सर्जनशी बोलताना क्रम ठरवून दिला होता: श्वास, मग मधला खड्डा, मग शेंडा. शेंड्याबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की थोडा खाली येईल, आधीसारखा होणार नाही. तसंच झालं. पण रात्री तोंड मिटून झोपते, आणि त्यासाठी मी हे पुन्हा केलं असतं.

चष्मा असेल तर त्याचाही विचार आधी करा. हाडं हलवली असतील तर काही आठवडे दांड्यावर चष्मा टेकवू देत नाहीत. मला कपाळाला टेपने चिकटवून काम भागवावं लागलं.

अबोली_क

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद वाचला आणि पहिल्यांदाच माझ्या नाकात काय झालंय ते मला समजलं. खपल्या धरतात, शिट्टी वाजत नाही, घोळणा क्वचित फुटतो.

फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचं आहे असं तोंडी सांगितलं होतं. स्टिकर मागते.

दोन प्रश्न. कान की बरगडी, हे कशावर ठरतं? आणि दुसऱ्याची, म्हणजे दात्याची बरगडी वापरतात असं वाचलं, ते कितपत बरोबर? निळीशाई, छातीच्या दुखण्याबद्दल वाचल्यावर ते फार आकर्षक वाटायला लागलंय.

पाऊलवाट

ठरतं ते मुख्यतः पडद्यात किती कूर्चा उरलीय आणि किती भार पेलायचाय यावर.

सर्वांत चांगला माल पडद्याचाच. सरळ, कडक, त्याच जखमेतून मिळणारा. पण पडद्याचा वरचा आणि पुढचा मिळून इंग्रजी एलसारखा पट्टा किमान १ सेंटीमीटर रुंद ठेवावाच लागतो, नाहीतर नाक बसतं. पहिल्या वेळी मधली कूर्चा काढून झालेली असेल तर तिथे हात घालायला काही उरत नाही. सर्जन कापसाच्या काडीने पडदा दोन्ही बाजूंनी चाचपून याचा अंदाज घेतात.

कानाच्या वाटीतली कूर्चा मुळातच वळणदार आणि ठिसूळ. नाकपुडीच्या कडेला टेकू द्यायला, छोटा खड्डा भरायला उत्तम. कानाचा आकारही सहसा बिघडत नाही. पण आकसलेला शेंडा खाली ढकलून धरायचा असेल तर ती वाकते. तिथे बरगडी लागते.

बरगडीची मोठी अडचण म्हणजे कोरल्यावर ती वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं की कूर्चेच्या बाहेरच्या थरात ताण असतो आणि मधल्या गाभ्यातून समतोल काप घेतला तर वाकणं कमी होतं. आजही तेच तत्त्व वापरतात, शिवाय काही सर्जन पातळ पट्ट्या उलटसुलट जोडून शिवतात. वय वाढतं तशी बरगडीच्या कूर्चेत चुन्याची पुटं चढतात आणि ती कोरायला कठीण होते, म्हणून काही वेळा आधी छातीचा सीटी करतात.

दात्याची बरगडी वापरतात, हे खरं. किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेली असते किंवा गोठवून ठेवलेली. छातीला छेद नाही, वेळ वाचतो. काळाच्या ओघात ती किती विरघळते याबद्दल सर्जनांमध्ये एकमत नाही, आणि ती सगळीकडे उपलब्धही नसते. स्वतःची कूर्चा मिळण्यासारखी असेल तर बहुतेक जण तिलाच पसंती देतात.

तुमच्या उलट्या व्हीसाठी जे करतात त्याला स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये आगपेटीच्या काडीएवढी पट्टी बसवून कोन उघडायचा. जॅक शीन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली, आणि त्यामागे उंचवटा काढलेल्या नाकांचाच अनुभव होता. या पट्ट्या लहान असतात. तुमचा शेंडा आणि नाकपुडी तुम्हाला फारशी टोचत नसेल, फक्त मधला भाग उघडायचा असेल, तर कान किंवा उरलेला पडदाही पुरू शकतो. शेंडाही खाली आणायचा म्हटलं की काम मोठं होतं आणि बरगडीचा विषय येतो. तुम्हाला दोन सर्जननी दोन उत्तरं दिली, त्यामागे कदाचित एवढंच असेल: एकाने सगळं दुरुस्त करायचं गृहीत धरलं, दुसऱ्याने श्वासापुरतं. तुम्हाला काय हवंय हे आधी त्यांना कागदावर लिहून द्या.

कोरापान

मी नाही म्हणणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण असे अनुभव कुणी फारसे लिहीत नाही.

माझ्या दांड्यावर सिलिकॉनचं इम्प्लांट होतं. काही वर्षं ठीक. मग शेंड्याची त्वचा पातळ, चकचकीत, लाल. बोट लावलं की खालचा कठीण कोपरा जाणवायचा. पुन्हा शस्त्रक्रियेआधी वर्षभर थांबावं असा नियम सांगतात, तो इथे लागू होत नाही, हे आधी सांगतो. इम्प्लांट त्वचेतून बाहेर यायच्या बेतात असेल तर ते लवकर काढावं लागतं, एकदा भोक पडलं की दुरुस्ती कितीतरी अवघड. माझं वेळेत काढलं.

लगेच बरगडी घालून नवा दांडा करायचा प्रस्ताव होता. मी वेळ मागून घेतला. सूज उतरली, त्वचा शांत झाली, श्वास दोन्ही बाजूंनी नीट चालला होता. दांडा बसका आहे, मधे एक वळण आहे. सर्जनना विचारलं, यातलं किती सुधारेल आणि काय बिघडू शकतं. त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही सांगितलं, आणि मी थांबलो. ते दार बंद झालेलं नाही, पुढे कधी वाटलं तर जाईन. पण श्वास नीट असताना फक्त आकारासाठी व्रण झालेल्या त्वचेवर पुन्हा जोखीम घ्यायला माझं मन तयार झालं नाही.

अबोली, तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्हाला श्वास मिळत नाहीये. तुम्ही थांबा असं मी म्हणणार नाही. फक्त "आत्ता काहीच करू नका" म्हणणाऱ्या सर्जनकडे एकदा परत जा आणि कारण विचारा. त्यांना कदाचित ती लाली दिसली असेल.

दवबिंदू७

पाऊलवाट, डोळ्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. मैत्रिणीलाही हा धागा पाठवला आहे.

वर्षभर थांबायचं ते कशासाठी? इतका त्रास होत असताना माणसाने वर्ष कसं काढायचं?

पाऊलवाट

सूज. दांड्यावरची लवकर उतरते, शेंड्याची वर्षभर, जाड त्वचा असेल तर त्याहून जास्त काळ रेंगाळते. आतला व्रण सुरुवातीला कडक आणि रक्ताळ असतो, मऊ व्हायला वेळ घेतो. त्याआधी उघडलं तर ऊतींचे थर नीट वेगळे होत नाहीत आणि आपण सुजेलाच कापायला जातो. म्हणून साधारणपणे किमान १२ महिने. संसर्ग, बाहेर येणारं इम्प्लांट, पडद्यात साठलेलं रक्त, ही तातडीची कारणं यात धरत नाहीत. पडद्यात रक्त साठलं तर काही दिवसांतच कूर्चा मरते, तिथे तास मोजायचे असतात.

मधल्या काळात त्रास कमी करता येतो. झोपताना नाकपुडी बाहेरून ओढून धरणाऱ्या पट्ट्या किंवा आतून उघडणारे मऊ डायलेटर मिळतात. सलाइनने नाक धुतलं की खपल्या कमी होतात. ॲलर्जीची सूज वर असेल तर तिचा उपचार करून पुष्कळांना निम्मं बरं वाटतं. नाक मोकळं करणारे थेंब मात्र दिवसेंदिवस घालू नका, उलटी सवय लागून नाक अधिक चोंदतं. शेंड्याच्या वरची सूज जाड राहिली असेल तर काही सर्जन अगदी थोड्या मात्रेत स्टेरॉइड टोचतात. जास्त झालं तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो, त्यामुळे ते ज्याने नाकं हाताळली आहेत त्यानेच करावं.

सांजसावली

मी समुपदेशनाचं काम करते. अबोली, तुमच्या घरच्यांच्या "आता पुरे कर" या वाक्यावर मन थांबलं. त्यात काळजी आहेच, पण ज्या माणसाला श्वास घेता येत नाही त्याला ते फार एकटं पाडतं. श्वासाची तक्रार मोजता येते हे त्यांना दाखवा. २००४ पासून नोझ नावाची एक छोटी प्रश्नावली वापरात आहे, फक्त पाच प्रश्नांची. चोंदणं, अडथळा, श्वासाचा त्रास, झोप, आणि श्रम करताना हवा कमी पडणं. उत्तरांवरून ० ते १०० असा आकडा निघतो. डॉक्टरांकडून मागून घ्या, स्वतः भरा आणि घरी ठेवा. "तिला दिसण्याचं वेड लागलंय" हा समज त्याने बराच निवळतो.

दिसण्याच्या बाजूबद्दलही लिहू का? एखाद्याला बिघडलेल्या नाकाचं दुःख होणं अगदी स्वाभाविक आहे, तो चेहरा आपल्याला रोज पाहायचा असतो. मी लोकांना एवढंच विचारते की दिवसातला किती वेळ यात जातो. आरसा, मोबाइलचा कॅमेरा, जुने फोटो मोठे करून पाहणं, माणसांना टाळणं. ते वाढत असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी कुणाशी तरी बोलावं, आणि चांगले सर्जन हे स्वतःहून विचारतात. डॉक्टरांनी मानसिक बाजू विचारली म्हणून अपमान वाटून घेऊ नका. बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर (दिसण्यातल्या किरकोळ किंवा नसलेल्या दोषाने मन सतत व्यापून टाकणारा मानसिक आजार) असेल तर शस्त्रक्रियेने बहुतेकांना समाधान मिळत नाही, लक्ष दुसऱ्या दोषावर जातं, आणि त्यावर उपयोगी पडणारे उपचार वेगळे आहेत.

आणि सेल्फीवरून नाकाचा निवाडा करू नका, ही माझी कळकळीची विनंती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणित मांडलं होतं: १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाकावर उपचार झालेली माणसं हेच फोटो रोज पाहतात.

निळीशाई

सांजसावली, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. सूज असतानाच्या दिवसांत रोजचे फोटो काढणं मी शेवटी बंद केलं, तेव्हाच जरा शांत झोप लागली.

अबोली_क

घरी बसून पाच प्रश्नांची प्रश्नावली बहिणीसमोर भरली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी तुझ्याबरोबर येते."

सध्या एवढं ठरवलंय. आधी अल्ट्रासाउंड आणि लालीची तपासणी. फिलर असेल तर विरघळवून घेईन, सूज बसू देईन, मग आतून तपासणी. ऑपरेशन नोटसाठी अर्ज केला आहे. "काहीच करू नका" म्हणाले होते त्यांची वेळ घेतली आहे. माझा क्रम लिहिलाय: श्वास, मधला खड्डा, आणि नाकपुडी सहज जमलं तरच. शेंडा मी यादीतून काढला. तो काढताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बरगडीपर्यंत न जाता श्वास मिळणार असेल तर मला तो आधी हवाय.

शेवटचा एक प्रश्न, पाऊलवाट. एका सर्जननी "त्याच वेळी टर्बिनेटही (नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवरचे अस्तर असलेले हाडाचे उंचवटे) कापून टाकू, जागा मोठी होईल" असं म्हटलं होतं. हे करावं का?

पाऊलवाट

क्रम चांगला लिहिला आहे. आहे तसाच कागद त्यांच्यासमोर ठेवा.

टर्बिनेटच्या बाबतीत थांबा. ती नाकातली हवा गरम आणि ओली करतात, आणि हवा जातेय ही जाणीव आपल्याला बरीचशी तिथल्याच अस्तरातून होते. ती फार कापली गेली तर नाक आतून मोकळं दिसतं, पण माणसाला गुदमरल्यासारखं वाटत राहतं. याला एम्प्टी नोज सिंड्रोम म्हणतात आणि तो झाल्यावर उपाय अवघड. तुमची अडचण झडपेची असेल तर टर्बिनेट कापून ती सुटणार नाही. ती खरोखर सुजलेली असतील तर अस्तर राखून आतून लहान करता येतात, किंवा हाड बाहेरच्या बाजूला सरकवता येतं. सर्जनना विचारा: नाकात सूज उतरवणारा स्प्रे मारल्यावर माझा श्वास किती सुधारतो ते तुम्ही पाहिलंत का? स्प्रेने फारसा फरक पडत नसेल, तर टर्बिनेट हे मुख्य कारण नसावं.

धूम्रपान करत असाल, किंवा घरात कुणी करत असेल, तर तेही त्यांना सांगा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि तुमच्या त्वचेला आता आहे तेवढा रक्तपुरवठा जपायचाय. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाचं तेल, ई जीवनसत्त्व, यातलं काही चालू असेल तर त्याची यादी न्या. स्वतःहून बंद करू नका, कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील.

बहीण बरोबर असेल तर तिला लिहून घ्यायला सांगा, तुम्ही फक्त बोला. अल्ट्रासाउंडमध्ये काय आलं ते इथे कळवा, त्यावर पुढचं बोलू.